कापसाच्या खोलीतली अकरा पदे

आमच्या गावच्या भजनी मंडळाची अकरा पदे घरीच ध्वनिमुद्रित करून, त्यांचे मास्टर, म्हणजे वाटण्याजोग्या अंतिम प्रती, तयार करून आणि मूळ ट्रॅकच्या प्रती तीन ठिकाणी ठेवून ३० मार्च २०२५ रोजी, पाडव्याच्या दिवशी, मी हे काम हातावेगळे केले. सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली होती. या सोळा महिन्यांत कुठे अडले, किती पैसे लागले, काय गमावले आणि काय परत मिळाले ते क्रमाने लिहून ठेवते. खेड्यात राहून असे काम करणाऱ्याला विचारायला जवळपास कोणी नसते, हे मी पुरेपूर अनुभवले आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर भजन गात विदर्भातली गावे जागवली, तेव्हापासून या भागात खंजेरी घरोघरी आहे. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळे गाव आबाजी म्हणते, पन्नासहून अधिक वर्षे खंजेरी वाजवत गात आले आहेत. २०२३ च्या दिवाळीत एका कडव्याच्या मध्येच त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. ते तेव्हा ७९ वर्षांचे होते. मंडळात पेटी मी वाजवते. मी शेजारीच बसले होते. त्याच आठवड्यात मी ठरवले की मोबाइलवरचे मुद्रण पुरेसे नाही, प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचा.

चार माइक जोडता येतील असा वापरलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र, नागपुरात १४,५०० रुपयांना मिळाला. तीन माइकना ११,२०० आणि स्टँड व केबलींना ३,१०० रुपये लागले. सॉफ्टवेअर म्हणून रीपर निवडले. ते साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो, म्हणजे मला सुमारे ५,१०० रुपये पडले. काम सुरू होण्याआधी मंडळातल्या नऊही जणांकडून साध्या कागदावर संमती लिहून घेतली: नाव, कोणती पदे, कोणती साथ, इंटरनेटवर टाकायला हरकत आहे की नाही, आणि सही. जुन्या संतांचे अभंग सर्वांचे असले तरी ते गाणाऱ्याचा आणि त्या मुद्रणाचा हक्क कायद्याने वेगळा असतो, म्हणून हा कागद हवाच. दोन वहिनींनी आवाज द्यायला होकार दिला, पण फोटो टाकू नका असे लिहून दिले. या कागदांचे स्कॅन आज ध्वनिफितींच्या फोल्डरमध्येच आहेत.

जागेचा प्रश्न वेचणीने सोडवला. डिसेंबरात आमची आतली खोली कापसाने छातीपर्यंत भरलेली असते. त्या खोलीत पाऊल टाकले की स्वतःचा आवाजसुद्धा जवळ आल्यासारखा वाटतो, कारण सैल, सच्छिद्र कापूस आवाज शोषून घेतो आणि भिंतीवरून तो परत येत नाही. शहरातले लोक ज्यासाठी फोमचे तक्ते विकत घेतात, ते आमच्याकडे ढिगाने होते. दाराजवळ चौघे बसतील एवढी जागा मोकळी केली. मात्र कापूस आणि वीज एकत्र आणायची नाही, हा नियम कसोशीने पाळला. लॅपटॉप, इंटरफेस आणि सगळ्या वायरी ओसरीत ठेवल्या, खोलीत फक्त माइकच्या लांब केबली नेल्या. कापसाचे तंतू माइकच्या जाळीवर बसतात, म्हणून मुद्रण नसेल तेव्हा माइकवर सुती पिशवी घालून ठेवायची.

९ डिसेंबर २०२३ ते २१ जानेवारी २०२४ या काळात नऊ रात्री बसलो. तारखा विजेच्या पाळीवर ठरल्या. शेतीपंपांना ज्या आठवड्यात रात्रीची लाइन असे, त्या आठवड्यात मंडळातले निम्मे लोक ओलितावर जात आणि शेजारच्या विहिरीवरची मोटर रात्रभर घुमत राही. दिवसाच्या पाळीचा आठवडा आला की रात्री साडेनऊनंतर गाव शांत होई. थंडी असल्याने पंखा लागत नव्हता आणि रातकिडेही कमी होते.

पहिल्या रात्रीचे सगळे मुद्रण आम्हाला टाकून द्यावे लागले. त्यात एक बारीक घरघर होती, जी गाताना कोणाला ऐकू आली नव्हती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि तिच्या घरघरीत १०० व १५० हर्ट्झचे सूरही मिसळलेले असतात. आबाजी काळी दोनमध्ये गातात. त्यांचा षड्ज सुमारे १५५ हर्ट्झवर येतो. १५० ची घरघर आणि १५५ चा सा एकमेकांवर आदळून सेकंदाला पाच-सहा हेलकावे तयार होत होते आणि पेटीने लांबवलेला सा थरथरत असल्यासारखा वाटत होता. पेटी माझी असल्यामुळे मी आधी भात्याला दोष दिला. नंतर १५० हर्ट्झ कापण्याचा प्रयत्न केला, तर सा सुद्धा पोकळ झाला. शेवटी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि घरघर नाहीशी झाली. घरघर सुरांच्या इतकी जवळ असेल तर ती गाळत बसण्यात वेळ घालवू नये, वीज तोडून पुन्हा मुद्रण करावे, असे माझे मत झाले आहे.

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेतले. २४ बिटमध्ये आवाज हळू घेतला तरी नुकसान होत नाही, म्हणून खंजेरीचा सर्वात मोठा ठोका -१२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही वरची मर्यादा) राहील इतकाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवला. खंजेरी अंदाज चुकवते. कडवे संपताना आबाजींची थाप एकदम दुप्पट जोराची पडते. प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका वेळी सलग केलेल्या मुद्रणाच्या, सुरुवातीला मी "पद तिसरे, टेक दुसरा" असे मोठ्याने बोलून एक टाळी वाजवत असे. मंडळातल्या पोरांना तो वेळेचा अपव्यय वाटे. या सवयीने पुढे आमचे काम वाचवले.

जागेचा हिशेब असा पडतो: या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. आमच्या एका पदात कोरसचे नंतर घेतलेले ट्रॅक धरून साधारण सात ट्रॅक आणि सात मिनिटे, म्हणजे एका टेकला सव्वाचारशे एमबी. सगळे टेक आणि तालमी मिळून ३१ जीबी झाले. लॅपटॉपमध्ये जागा कमी असल्याने एप्रिलमध्ये मी हे सगळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले आणि लॅपटॉपवरचे पुसून टाकले. "हलवले" हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते. प्रत केली असती तर पुढचे दोन महिने वाचले असते.

१७ मे २०२४ च्या दुपारी डिस्क जोडल्यावर आतून टिक-टिक आवाज येऊ लागला आणि पडद्यावर ती फॉरमॅट करण्याची सूचना आली. मी फॉरमॅट केले नाही, एवढे बरे झाले. पण धीर न धरता जवळच्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डिस्क दोन तास चालू ठेवून वेगवेगळी सॉफ्टवेअर चालवली, आणि परत आणली तेव्हा टिक-टिक वाढलेली होती. असा आवाज करणाऱ्या डिस्कला जितक्या वेळा वीज द्याल तितकी आतली तबकडी खरवडली जाण्याची भीती वाढते. तिची वायर काढून ती तशीच, कपड्यात गुंडाळून, डेटा परत काढणाऱ्याकडे न्यावी.

२० मे रोजी एसटीने नागपूरला गेले. तिथे एक अर्ज भरून द्यावा लागला: डिस्कचा क्रमांक, काय झाले, आधी कोणी उघडली होती का, कोणत्या फाइली सर्वात महत्त्वाच्या. सोबत आधारची छायाप्रत आणि परत मिळालेला डेटा घेण्यासाठी रिकामी डिस्क. तपासणीनंतर १४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा १६,५२० रुपयांचा आकडा सांगितला. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. मी होकार देऊन घरी आले. पुढचे एकोणीस दिवस फार वाईट गेले. आबाजी रोज सायंकाळी ओसरीत येऊन बसत, पण त्यांनी एकदाही डिस्कबद्दल विचारले नाही, आणि त्यामुळे मला अधिकच लागत होते.

८ जूनला डेटा मिळाला. बहुतेक फाइली होत्या, पण नावे गेली होती. शेकडो फाइलींना फक्त आकडे होते. इथे दोन गोष्टी कामी आल्या. रीपर ज्या वेव्ह फाइली लिहितो, त्यांच्या आत मुद्रणाची तारीख आणि वेळेची नोंद असते आणि नाव गेले तरी ती राहते. रीपरमध्ये फाइल तिच्या नोंदलेल्या वेळेवर नेऊन ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे एकाच टेकचे चार ट्रॅक आपोआप एकाखाली एक आले. कोणते पद आणि कोणता टेक ते माझ्या बोललेल्या आवाजाने सांगितले, आणि चारही ट्रॅक जुळल्याची खात्री टाळीने झाली. हे काम तेरा दिवस चालले. दोन पदांचा कोरस आणि एका पदाचे टाळ मात्र कायमचे गेले.

ते पुन्हा घेणे लगेच शक्य नव्हते, कारण जून म्हणजे पेरणी. आषाढी एकादशीच्या आधीच्या रविवारी, १४ जुलैला, सगळे जमले. तोवर कापूस विकून चार महिने झाले होते. रिकाम्या खोलीत कोरस घेतला आणि जुन्या ट्रॅकशेजारी लावला, तर वहिनींचा आवाज एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यातून येत असल्यासारखा घुमत होता. मग घराघरातून वाकळी मागवल्या, दोरीवर तीन बाजूंनी टांगल्या आणि गाणाऱ्यांच्या मागे तुरीच्या कुटाराची पोती रचली. तरी ते डिसेंबरसारखे झाले नाही. नीट लक्ष देऊन ऐकणाऱ्याला चौथ्या आणि नवव्या पदातला हा फरक आजही कळेल. ज्या खोलीत मूळ मुद्रण केले ती तशीच आहे तोवर सगळे ट्रॅक पूर्ण करून घ्यावेत, एवढेच सांगते.

मास्टरिंग ऑगस्टमध्ये सुरू केले. त्याआधी तीन आठवडे मी मिक्स ऐकले नाहीत, कारण रोज ऐकून कान त्या आवाजाला सरावलेले होते. मिक्स म्हणजे सगळ्या ट्रॅकचा आपापसातला मेळ. त्यापुढे सगळी पदे एका जागी ठेवून त्यांची पातळी, पोत आणि मधली शांतता सारखी करणे, म्हणजे मास्टरिंग. माझी पहिली चूक मोठेपणाची होती. बाजारातल्या भक्तिगीतांइतके जोरात वाजावे म्हणून लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर जाणारे आवाज कापणारे साधन, इतका दाबला की एकूण पातळी -८ एलयूएफएसवर गेली. हे माप आवाज माणसाच्या कानाला सरासरीने किती मोठा वाटतो ते सांगते, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. १८ ऑगस्टला आबाजींना ते ऐकवले. त्यांनी डोळे मिटून पहिले पद पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "सूनबाई, हा खंजेरीचा आवाज नोहोय, हा डब्ब्याचा आवाज व्हय. अन् माहा श्वास गाण्यापेक्षा मोठा काऊन झाला?"

दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या. खंजेरीच्या थापेचा पहिला क्षण फार टोकदार असतो. लिमिटरने तो कापला की कातड्याचा ठोका जाऊन नुसता पत्र्यासारखा आवाज उरतो. आणि मोठे आवाज दाबून सगळे वर उचलले की मधले श्वास, पेटीच्या भात्याची कुरकुर, हे सगळे समोर येते. मी मास्टर पुसून पुन्हा शून्यापासून केले. मोठे आवाज हळुवार दाबणारा कम्प्रेसर दीडास एक या हलक्या प्रमाणावर ठेवला, इतका की काटा एक-दोन डेसिबलच्या पलीकडे हलू नये. टाळांची झणझण कानाला टोचत होती ती ८ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी उतरवली. एकूण पातळी -१६ एलयूएफएस आणि सर्वात उंच टोक -१ डेसिबलवर ठेवले, कारण एमपीथ्री करताना टोके थोडी वर उसळतात आणि तेवढी मोकळी जागा लागते. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळीच गाणी सुमारे -१४ एलयूएफएसच्या पातळीवर आणून वाजवतात, तेव्हा -८ वर दाबलेले गाणे तिथे खालीच आणले जाते आणि कापलेली थाप काही परत येत नाही.

प्रत्येक बदल मी चार ठिकाणी ऐकला: हेडफोनवर, मोबाइलवर, ट्रॅक्टरच्या टेपवर आणि देवळाच्या भोंग्यावर. ट्रॅक्टरवर खंजेरीचा खालचा घुमार ऐकू येत नाही, भोंग्यावर टाळच टाळ ऐकू येतात. चारही ठिकाणी आबाजींचे शब्द स्पष्ट कळले की पद झाले, अशी कसोटी ठरवली. अभंग आणि गौळण यांची पातळी केवळ आकड्याने सारखी केली तर गौळण अंगावर येते, म्हणून ती आकड्यात थोडी खाली ठेवली. २० ऑक्टोबरला अकरावे पद पूर्ण झाले आणि आबाजींनी मान डोलावली.

वाटण्यासाठीच्या आणि जपण्यासाठीच्या प्रती वेगळ्या असतात, हे मला पेनड्राइव्हने शिकवले. ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या अनेक टेपांना फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचता येतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मंडळींसाठी एमपीथ्री त्यावर दिले. सगळा संच झिप करून त्याच पेनड्राइव्हवर टाकायला गेले, तेव्हा फाइल फार मोठी असल्याचे कारण सांगून ती नाकारली गेली. जपणुकीच्या डिस्क मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्या, ज्यात मोठ्या फाइलीही बसतात.

नोव्हेंबरात प्रती करायला बसले. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क एक महिन्याच्या अंतराने घेतल्या, दोन्ही मिळून ८,६०० रुपये. डेटा परत काढायला लागलेल्या पैशांत अशा तीन डिस्क नक्की आल्या असत्या. एक डिस्क घरी, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीच्या कपाटात असते. माळ्यावर ठेवायची नाही, कारण मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली हात ठेवता येत नाही. दुसरी माझ्या मोठ्या बहिणीकडे नागपुरात. तिसरी प्रत इंटरनेटवर, वर्षाला १,३०० रुपये भरून. गावातल्या मोबाइल डेटावर ३१ जीबी चढवणे जड होते, म्हणून सगळ्या फाइली फ्लॅक या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलल्या. फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही जात नाही, तरी आमचा संच १८ जीबीवर आला. रोज रात्री दीड जीबी, अशा बारा रात्रींत तो चढला.

केवळ रीपरची प्रकल्प-फाइल ठेवून भागत नाही. वीस वर्षांनी ते सॉफ्टवेअर, त्यातले इफेक्ट असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅकचा स्टेम काढला, म्हणजे शून्य सेकंदापासून पदाच्या शेवटापर्यंत अखंड चालणारी एक वेव्ह फाइल. हे स्टेम कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे लावून ठेवले की पद उभे राहते. अकरा पदांचे ७४ स्टेम झाले. सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये पट्टी, ताल, कोण कुठे बसले होते, कोणता माइक होता ते लिहिले. फाइलींची नावे रोमन अक्षरांत ठेवली, कारण झिप उघडताना देवनागरी नावांचे मला एकदा चौकोन झालेले दिसले. शेवटी प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ खूण (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ, फाइल जराही बदलली तर ती बदलते) काढून तिची यादी केली आणि प्रत केल्यावर ती तिन्ही ठिकाणी पडताळली. एकही खूण चुकली नाही. मला वाटले, झाले.

१४ डिसेंबर २०२४ ला ताईकडे गेले असताना, तिच्या संगणकावर रीपर नाही हे पाहून, मुद्दाम तिच्या डिस्कवरचे स्टेम ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. सहाव्या पदाला टाळच नव्हते. फाइल होती, लांबी बरोबर होती, पण तिच्यात पदभर शांतता होती. स्टेम काढताना तो ट्रॅक माझ्याकडून बंद राहिला होता. आणि खुणा तिन्ही ठिकाणी जुळल्या होत्या, कारण ती मुकी फाइल तिन्ही ठिकाणी तंतोतंत उतरली होती. खूण फक्त प्रत बरोबर झाल्याचे सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताई आणि मी ७४ पैकी प्रत्येक स्टेम एकटा लावून, अथपासून इतिपर्यंत, आळीपाळीने ऐकला. आणखी एक सापडला: नवव्या पदाच्या कोरसचे शेवटचे चार सेकंद कापलेले. गावी परतून दोन्ही फाइली मूळ ट्रॅकवरून पुन्हा काढल्या, घरच्या डिस्कवर आणि इंटरनेटवर बदलल्या आणि खुणांच्या यादीत त्या दोन ओळी नव्याने लिहिल्या.

ताईकडच्या डिस्कवर त्या दोन जुन्या फाइली आणि जुनी यादी होती, ते सगळे पाडव्याला अदलाबदल करताना बदलले. पाडव्याला आणि पोळ्याला दोन्ही डिस्क जागा बदलतात, आणि जी घरी येते ती आधी उघडून ऐकली जाते. ३० मार्चला ती ऐकत असताना आबाजी ओसरीत आले. सहाव्या पदाचे टाळ एकटेच वाजत होते, बाकी सगळे ट्रॅक बंद. थोडा वेळ ऐकून त्यांनी दुसरी खंजेरी आणायला सांगितली, मांडीवर घेतली, आणि डिसेंबर २०२३ च्या त्या टाळांवर पुन्हा ठेका धरला. मी चार्जर काढला, माइक समोर ठेवला आणि "पद सहावे, टेक सातवा" म्हणून टाळी वाजवली.